पॅट्रिक ब्लॅकेट : दर्यावर्दी भौतिकशास्त्रज्ञ

१३ जुलै हा पॅट्रिक ब्लॅकेट यांचा स्मृतिदिन. १९७४ साली ते गेले. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवलेल्या या इंग्रज माणसाचे नाव आपल्याकडे सहसा कुणाच्या तोंडी नसते. पण भारताच्या संरक्षण संशोधनाची सुरुवात आणि आपण ज्यावर राहतो त्या दख्खनच्या काळ्या पाषाणाचा इतिहास, या दोन्ही गोष्टींशी त्यांचा संबंध आहे. म्हणून त्यांची ही ओळख.

जन्म लंडनचा, १८९७ चा. तेराव्या वर्षी आरमारी शाळेत दाखल झाले आणि सोळाव्या वर्षी पहिल्या महायुद्धात. फॉकलंड बेटांजवळची आणि पुढे जटलंडची लढाई त्यांनी जहाजावरून पाहिली. युद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये, ज्यांचे शिक्षण अर्धवट राहिले होते अशा तरुण अधिकाऱ्यांना आरमाराने काही महिन्यांसाठी केंब्रिजला धाडले. प्रयोगशाळा म्हणजे काय असते ते बघायला ब्लॅकेट एकदा कॅव्हेंडिशमध्ये डोकावले आणि तिथलेच झाले. थोड्याच दिवसांत त्यांनी आरमाराचा राजीनामा दिला.

कॅव्हेंडिशचे प्रमुख होते रदरफोर्ड. नायट्रोजनवर अल्फा कणांचा मारा केला की त्यातून प्रोटॉन बाहेर पडतो, हे त्यांनी दाखवून दिले होते. पण अणूच्या आत नेमके घडते काय, ते कुणी पाहिले नव्हते. ते बघायचे काम या नव्या विद्यार्थ्यावर आले. साधन होते विल्सन यांचे क्लाउड चेंबर. या बंद पेटीतली दमट हवा एकदम प्रसरण पावली की विद्युतभारित कणाच्या वाटेवर सूक्ष्म थेंबांची रेघ उमटते. ब्लॅकेट यांनी पेटी आपोआप चालेल आणि प्रत्येक वेळी कॅमेराही आपोआप फोटो घेईल अशी जुळणी केली. सुमारे २३,००० फोटो घेतले. त्यांत चार लाखांच्या आसपास रेघा होत्या, आणि हव्या तशा दुभंगलेल्या रेघा होत्या फक्त आठ! त्या आठांतून कळले की अल्फा कण नायट्रोजनमध्ये सामावला जातो, प्रोटॉन बाहेर पडतो आणि मागे ऑक्सिजन उरतो. एका मूलद्रव्याचे दुसरे होताना माणसाने पहिल्यांदाच फोटोत पाहिले, ते १९२५ साली.

पुढे विश्वकिरणांचा अभ्यास सुरू झाला. ते केव्हा येतील याचा नेम नाही, त्यामुळे बहुतेक फोटो कोरे निघत. १९३२ मध्ये इटलीहून आलेले ओकियालिनी यांच्या साथीने ब्लॅकेट यांनी पेटीच्या वर एक आणि खाली एक असे गायगर काउंटर बसवले. दोन्ही एकदम वाजले म्हणजे कण पेटीतून गेला, आणि तेव्हाच पेटी चालायची. थोडक्यात, कण स्वतःच स्वतःचा फोटो काढून घ्यायचा. या फोटोंत इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन जोडीने जन्मताना दिसले. पॉझिट्रॉनच्या शोधाचे श्रेय मात्र अमेरिकेच्या अँडरसन यांना गेले, कारण त्यांनी आधी जाहीर केले होते. ब्लॅकेट यांना १९४८ चे नोबेल मिळाले. ओकियालिनींचे नाव त्यात नव्हते, आणि ते असायला हवे होते असे मला वाटते.

१९३५ पासून ब्लॅकेट हवाई संरक्षणाच्या टिझार्ड समितीत होते. रडारला बळ देणारी ती हीच समिती. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी आधी विमानांसाठी बाँबचा नेम साधणारे यंत्र तयार करायला मदत केली. मग ते विमानविरोधी तोफांच्या कामावर गेले. तिथे त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ, गणिती, शरीरशास्त्रज्ञ अशी मिश्र मंडळी जमवली. लोक तिला ब्लॅकेटची सर्कस म्हणत. लंडनवरच्या बाँबहल्ल्यांच्या सुरुवातीला एक विमान पाडायला सरासरी २०,००० गोळे लागत; पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तो आकडा ४,००० वर आला.

पाणबुड्यांच्या बाबतीतला किस्सा तर आजही शिकवला जातो. विमानातून टाकलेला डेप्थ चार्ज १०० फूट खोलीवर फुटेल असा लावलेला असे, कारण विमान येईपर्यंत पाणबुडीने तेवढी बुडी मारलेली असणार असा हिशोब होता. ब्लॅकेट यांचे सहकारी विल्यम्स यांनी विचारले, तेवढी खोल गेलेली पाणबुडी आडवी कुठे सरकली हे कोणाला ठाऊक? मारता येईल ती फक्त नुकतीच बुडालेली, आणि तिच्यासाठी १०० फूट फारच खोल. स्फोटाची खोली २५ फुटांवर आणली आणि बुडणाऱ्या पाणबुड्यांची संख्या कितीतरी वाढली. नवे शस्त्र नाही, नवे विमान नाही! युद्धातले निर्णय आकडे तपासून घेण्याच्या या पद्धतीला ऑपरेशनल रिसर्च म्हणतात.

पण आकडे सरकारला नको असलेलेही सांगतात. १९४२ मध्ये जर्मन शहरांवर बाँब टाकून घरे पाडायची योजना पुढे आली, तेव्हा ब्लॅकेट यांनी हिशोब करून दाखवला की अपेक्षित विध्वंसाचा अंदाज सुमारे सहा पट फुगवलेला आहे. ती विमाने पाणबुड्यांमागे लावा, असे त्यांचे म्हणणे होते. ते ऐकले गेले नाही. युद्धानंतर ब्रिटनने स्वतःचा अणुबाँब करू नये, असा सल्लाही त्यांनी दिला. परिणामी ते बरीच वर्षे सरकारी वर्तुळाबाहेर राहिले.

याच काळात भारताने त्यांना जवळ केले. १९४७ च्या जानेवारीत ते दिल्लीच्या सायन्स काँग्रेसला आले आणि नेहरूंशी त्यांचे बोलणे झाले. पुढच्या वर्षी संरक्षणातल्या विज्ञानाची घडी बसवायला त्यांचा सल्ला घेतला गेला आणि कॅव्हेंडिशमध्येच शिकलेले दौलतसिंग कोठारी पहिले वैज्ञानिक सल्लागार झाले. महागड्या शस्त्रांमागे धावू नका, झेपेल तेच करा, असा ब्लॅकेट यांचा सूर होता. तो सगळ्यांना रुचला असेल असे नाही. गोऱ्या माणसाने आपल्याला आखडते घ्यायला सांगावे, हे खटकणारच. पण तो स्वतःच्या सरकारलाही तेच सांगत होता, हेही लक्षात घ्यायला हवे.

त्यांचे सर्वात धाडसी अनुमान चुकले. फिरणाऱ्या प्रत्येक प्रचंड वस्तूला, केवळ ती फिरते म्हणून, चुंबकत्व येते असे त्यांना वाटे. पृथ्वीचे चुंबकत्वही तसेच. हे तपासायला त्यांनी बँक ऑफ इंग्लंडकडून आणलेल्या सोन्याचा १५ किलोंहून जड दंडगोल वापरला आणि तोपर्यंत कुणी केला नव्हता इतका संवेदनशील चुंबकत्वमापक बनवला. काहीच सापडले नाही. १९५२ मध्ये त्यांनी हे अपयश तपशीलवार छापून टाकले.

यंत्र मात्र उरले. लाव्हा थंड होताना त्यातल्या लोहयुक्त कणांत त्या जागेच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा गोठून राहते. विषुववृत्तापासून किती दूर, उत्तरेला की दक्षिणेला, हे त्या दिशेच्या कलावरून काढता येते. ब्लॅकेट १९५३ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात आले आणि तिथल्या त्यांच्या गटाने दख्खनच्या पाषाणाचे नमुने मोजले. सह्याद्रीचे कडे आणि आपले माळव्याचे पठार याच लाव्हाचे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. १९५६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : हा दगड निवला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. खंड सरकतात ही कल्पना त्या वेळी बहुतेक भूशास्त्रज्ञ हसण्यावारी नेत असत.