डॉ. कमला सोहोनी

मुलांनो, द्रोणागिरीच्या नाक्यावर मिळणारा गरम वडापाव तुम्ही आवडीने खाता. त्या वड्यातल्या बटाट्याचा आणि तुमच्या मेंदूचा काही संबंध असेल, असे तुम्हांला कधी वाटले आहे का? तो समजण्यासाठी डॉ. कमला सोहोनी यांची ओळख करून घ्यायला हवी.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव भागवत. प्रसिद्ध लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या बहीण. वडील व काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ. ते बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकले होते. कमलाबाईंनाही तेथेच संशोधन करायचे होते. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी मिळताच त्यांनी तेथे अर्ज केला.

त्या वेळी संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच, अर्ज मुलीचा होता. कमलाबाई थेट बंगळूरला गेल्या, रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांना जाब विचारला. सत्याग्रहाचीही त्यांची तयारी होती. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तितक्या रात्रीपर्यंत काम करायचे, आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतल्या मुलांचे लक्ष विचलित होता कामा नये! लक्ष मुलांचे आणि अट मात्र मुलीवर, हा कसला न्याय? रामन फार मोठे शास्त्रज्ञ होते, पण येथे ते चुकले. हा अपमान कमलाबाई म्हातारपणीही विसरल्या नाहीत.

श्रीनिवासय्या या शिक्षकांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्षभरात रामन यांची खात्री पटली आणि संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले.

पुढे कमलाबाई इंग्लंडमध्ये केंब्रिजला गेल्या. तेथे त्यांनी आधी डेरेक रिक्टर यांच्याबरोबर काम केले. याच रिक्टर यांनी पुढे मेंदूच्या रसायनशास्त्रात नाव मिळवले. नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींवर काम करताना कमलाबाईंना बटाट्यात सायटोक्रोम सी हे प्रथिन सापडले. त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली.

हे प्रथिन काय करते? पेशीमध्ये तंतुकणिका नावाचे बारीक भाग असतात. त्यांना पेशीची वीजघरे म्हणा. अन्नातून ऊर्जा मिळवण्याच्या कामात तेथे सायटोक्रोम सी मदत करते. ते बटाट्यात आहे, तसेच तुमच्या मेंदूतही आहे. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के. पण शरीराची जवळजवळ वीस टक्के ऊर्जा तो एकटाच वापरतो! शिवाय त्याच्याजवळ साठा फार थोडा. रक्तपुरवठा थांबला, तर काही मिनिटांतच चेतापेशी मरू लागतात.

चेतापेशींच्या शेजारी सहायक पेशी असतात. पूर्वी त्यांना नुसता आधार देणाऱ्या पेशी मानत. १९९४ साली दोन शास्त्रज्ञांनी वेगळी कल्पना मांडली : या पेशी रक्तातली साखर घेतात, तिचे लॅक्टेट बनवतात आणि ते चेतापेशींना इंधन म्हणून देतात. २०१६ साली उंदरांवरील प्रयोगांत आणखी नवल दिसले. इजा झालेल्या चेतापेशींना सहायक पेशी आपल्या तंतुकणिकाच देत होत्या. शेजाऱ्याच्या घरी अंधार झाला, तर आपला कंदील नेऊन द्यावा, तसेच हे झाले. मात्र तंतुकणिका फुटून सायटोक्रोम सी बाहेर सांडले, तर तेच पेशीच्या मरणाची सुरुवात करते. जे दिवा पेटवते, तेच तो विझवूही शकते.

कमलाबाई १९३९ मध्ये मायदेशी परतल्या. १९४७ साली त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. विज्ञान संस्थेत त्यांनी अनेक वर्षे शिकवले. संचालकपद त्यांना उशिराच मिळाले. ताडाच्या झाडाची नीरा तुम्हांला ठाऊक असेल. तिच्यातील जीवनसत्त्वांचा त्यांनी अभ्यास केला. ही नीरा कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर स्त्रियांना उपयोगी पडते, असे त्यांना आढळले. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. १९९८ साली दिल्लीत त्यांच्या सत्काराचा समारंभ चालू असतानाच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.