टोकियोचे भोपाळी मौलवी

१९०९ साली टोकियोच्या परकीय भाषा शाळेत हिंदुस्थानी शिकवायला एक नवे शिक्षक रुजू झाले. नाव मौलवी बरकतुल्लाह, गाव भोपाळ. आपल्याकडच्या बऱ्याच लेखांत ते टोकियो विद्यापीठात प्राध्यापक होते असे छापले जाते. नेमके सांगायचे तर ती सरकारी भाषाशाळा होती. पुढे तिचेच टोकियो परकीय भाषा विद्यापीठ झाले आणि तिथे उर्दू आजही शिकवली जाते.

जपान्यांना हिंदुस्थानी कशाला हवी होती? उत्तराचा एक धागा मुंबईच्या गोदीत सापडतो. १८९३ साली जमशेटजी टाटांच्या पुढाकाराने निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीच्या बोटी मुंबई आणि कोबे यांच्यात फेऱ्या मारू लागल्या. इकडचा कापूस तिकडच्या गिरण्यांत जाऊ लागला. एवढा व्यवहार वाढलेल्या देशाला इकडच्या बाजाराची बोली समजणारी माणसे हवीच होती. अशी माणसे घडवायला उर्दू ज्याची मायबोली, फारसी-अरबी ज्याच्या हाडीमांसी, शिवाय इंग्रजीही येते, असा उस्ताद मिळाला तर आणखी काय हवे!

या उस्तादाची वाट मात्र सरळ नव्हती. बेगमांच्या भोपाळमध्ये मदरशाची तालीम घेऊन ते मुंबईला आले. शिकवण्या करत स्वतः इंग्रजी शिकले आणि विलायत गाठली. लिव्हरपूलमध्ये इस्लाम स्वीकारलेल्या क्विलियम नावाच्या वकिलाने मुस्लिम संस्था चालवली होती, तिथे त्यांनी अरबी शिकवली. मग न्यूयॉर्क. तिथे १९०६ साली सॅम्युएल लुकस जोशी या मराठी ख्रिस्ती गृहस्थांबरोबर त्यांनी पॅन-आर्यन असोसिएशन काढली. मदतीला आयरिश क्रांतिकारक. मौलवी, ख्रिस्ती जोशी आणि संस्थेच्या नावात आर्य! आज कुणी असा प्रस्ताव मांडला तर तिन्ही बाजूंनी भुवया उंचावतील. त्यांना त्यात काही विचित्र वाटले नसावे. इंग्रजांचे राज्य जायला हवे, एवढ्यावर तिघांचे एकमत होते.

जपानने १९०५ साली रशियाला हरवल्यापासून साऱ्या आशियाचे डोळे टोकियोकडे लागले होते. बरकतुल्लाहही तिथे पोहोचले ते केवळ पगारासाठी नव्हे. पण ज्या शहरात ते आले, तिथे मुसलमान बोटांवर मोजण्याइतके. रमजानचा चाँद दिसला तरी तरावीहला उभे राहायला मशीद नव्हती. टोकियोत ती बांधली गेली १९३८ साली. अहमद फजली नावाचे इजिप्तच्या सैन्यातले एक माजी अधिकारी त्यांना तिथे भेटले. त्यांच्या साथीने १९१०पासून ‘इस्लामिक फ्रॅटर्निटी’ हे इंग्रजी पत्र निघू लागले. हातानो नावाचा जपानी तरुण या कामात मदतीला आला. १९११मध्ये त्याने इस्लाम स्वीकारून हसन हे नाव घेतले. पत्नी आणि सासरेही त्याच वाटेने आले.

पत्राचा आरंभीचा सूर धर्मपरिचयाचा होता. मात्र १९११मध्ये इटलीने त्रिपोली घेतली, पुढच्या वर्षी बाल्कन युद्ध पेटले आणि मौलवींच्या लेखणीला धार चढली. इंग्रज सत्तेवर उघड हल्ले सुरू झाले. इथेच पेच होता. ज्या जपानला ते आशियाचा आधार समजत होते, त्याचा १९०२पासून इंग्लंडशी मैत्रीचा करार होता. ब्रिटिश वकिलातीला फार खटपट करावी लागली नाही. १९१२मध्ये हिंदुस्थानात पत्राला बंदी झाली आणि त्याच वर्षी जपान सरकारनेही ते बंद पाडले.

नोकरी अजून शाबूत होती. वर्गात व्याकरण शिकवायचे, महिन्याला पगार घ्यायचा आणि गप्प बसायचे, एवढे केले असते तर निवांत म्हातारपण टोकियोत गेले असते. मौलवी गप्प बसले नाहीत. १९१४च्या वसंतात शाळेने त्यांची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही. पाच वर्षांचा वर्ग संपला.

त्याच सुमारास कॅनडाकडे निघालेली ‘कोमागाता मारू’ जपानच्या बंदरात थांबली. बोटीवरच्या ३७६ प्रवाशांत शीख सर्वाधिक, पण मुसलमान आणि हिंदूही होते. भगवानसिंग ग्यानी आणि बरकतुल्लाह बोटीवर जाऊन त्यांना भेटले. काही दिवसांत दोघेही सॅन फ्रान्सिस्कोच्या वाटेला लागले आणि बरकतुल्लाह गदर पक्षाच्या पुढाऱ्यांत जाऊन बसले.

पुढचा प्रवास कादंबरीत शोभेल असा. महायुद्ध सुरू होताच ते बर्लिनला गेले आणि १९१५च्या एप्रिलमध्ये राजा महेंद्रप्रताप व जर्मन अधिकाऱ्यांबरोबर काबूलकडे निघाले. इस्तंबूल, बगदाद करत इराणचे वाळवंट भर उन्हाळ्यात ओलांडायचे होते. एकीकडे रशियन गस्त, दुसरीकडे इंग्रज. तुकडी रात्री चालायची, शत्रूला चकवायला छोट्या टोळ्या भलत्याच दिशेला पाठवायची. जनावरे मेली, माणसे आजारी पडली. ऑगस्टमध्ये हेरात आणि ऑक्टोबरच्या आरंभी काबूल गाठले. तिथे १ डिसेंबर १९१५ रोजी बाग-ए-बाबरमध्ये हिंदुस्थानचे हंगामी सरकार स्थापन झाले. महेंद्रप्रताप राष्ट्राध्यक्ष, बरकतुल्लाह पंतप्रधान, उबेदुल्लाह सिंधी गृहमंत्री. या सरकारला ना फौज होती ना खजिना. अमीर हबीबुल्लाह गोड बोलून वेळ काढत राहिले, इंग्रजांविरुद्ध उतरले नाहीत.

१९१९मध्ये बरकतुल्लाह मॉस्कोत लेनिनना भेटले. मग पुन्हा युरोप, पुन्हा भाड्याच्या खोल्या. १९२७च्या फेब्रुवारीत ब्रुसेल्सच्या साम्राज्यविरोधी परिषदेला ते हजर होते. जवाहरलाल नेहरूंनी आत्मचरित्रात त्यांची आठवण नोंदवली आहे. म्हातारा लाघवी आणि उत्साही, बुद्धी फार तल्लख नाही, तरी नवे विचार समजून घ्यायची धडपड चाललेली, असे त्यांचे मत पडले. बुद्धीविषयीचा शेरा जरा कडकच म्हणायला हवा. एकामागून एक परक्या देशांत, नव्या भाषा शिकत, पोटापुरते मिळवत ज्याने राजकारण केले, त्याला मोजायला हे माप अपुरे आहे. नवे शिकण्याची धडपड मात्र नेहरूंनी बरोबर टिपली.

त्याच वर्षी ते अमेरिकेत जुन्या गदर सोबत्यांना भेटायला गेले. २० सप्टेंबर १९२७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचे निधन झाले. दफन कॅलिफोर्नियातल्याच सॅक्रामेंटोत झाले. भोपाळ विद्यापीठाला १९८८ साली त्यांचे नाव देण्यात आले. कबर मात्र सॅक्रामेंटोतच आहे.