इंदूर कंपोस्टचे जनक सर अल्बर्ट हॉवर्ड आणि शहराजवळची बिघडलेली माती

बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरच्या आसपास तुम्ही भाजीपाला पिकवत असाल, तर कंपोस्टचा खड्डा तुम्हाला नवा नाही. पण थर किती, पाणी किती, खत कधी उलटायचे, हे मोजून ज्यांनी बसवून दिले त्या सर अल्बर्ट हॉवर्ड यांची ओळख करून घ्या. प्रदूषित जमिनीवर काम करताना त्यांची पद्धत आजही उपयोगी पडते.

हॉवर्ड यांचा जन्म १८७३ मध्ये इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात शेतकऱ्याच्या घरी झाला. वेस्ट इंडीजमध्ये पिकांवरील बुरशीचा अभ्यास करून १९०५ मध्ये ते बिहारमधील पुसा येथील संशोधन संस्थेत आले. पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. पुसा ४ आणि पुसा १२ हे गव्हाचे वाण या दोघांच्या कामातून आले. पीक आजारी पडले तर आधी जमीन तपासा, असे हॉवर्ड यांचे मत तिथेच पक्के झाले.

१९२४ मध्ये होळकर संस्थानात, इंदूरला, सुमारे ३०० एकरांवर नवी संस्था उभी राहिली. मुंबईच्या मध्यवर्ती कापूस समितीने तिला पैसा दिला. काम कापसाचे, पण हॉवर्ड यांचे लक्ष उकिरड्यावर होते. त्यांचे मुख्य सहकारी रसायनतज्ज्ञ यशवंत वाड. दोघांचे कंपोस्टवरील पुस्तक १९३१ मध्ये निघाले. वाडांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही, हे काही बरे नाही.

त्यांचा खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि फक्त २ फूट खोल असे; खोल खड्ड्यात हवा पोहोचत नाही. कपाशीच्या पऱ्हाट्या कडक, म्हणून त्या शेतरस्त्यावर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चेचून घेत. मग पालापाचोळा, शेण, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर. तीन वेळा पलटी दिली की तीन महिन्यांत खत तयार. सुरुवातीला सुमारे ३३:१ असलेले कर्ब-नत्र गुणोत्तर १०:१ च्या आसपास येई. कुजताना बराच कर्ब हवेत जातो, हे खरे. पण उरलेला ह्यूमसच्या रूपात मातीच्या कणांना धरून राहतो. वरच्या १५ सेंमी थरात सेंद्रिय कर्ब ०.१ टक्का वाढला, तर एकरी सुमारे ९०० किलो कर्ब जमिनीत साठतो.

पुढे १९३४ मध्ये वाड आणि जॅक्सन यांनी हीच पद्धत वस्तीतील कचरा व मैला यांच्यासाठी कशी वापरावी, हे मांडले. आपल्या उपनगरांशी तिचा खरा संबंध इथे येतो. मात्र त्या काळच्या कचऱ्यात बॅटरी, रंग आणि प्लॅस्टिक नव्हते. शिसे किंवा कॅडमियम कुजत नाही, नाहीसे होत नाही. शहरी कंपोस्ट घेताना तपासणी अहवाल मागा: खत नियंत्रण आदेशानुसार किलोमागे शिसे १०० मिलिग्रॅम आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही.

नाल्याच्या पाण्याने बिघडलेल्या जमिनीत चांगले कंपोस्ट या धातूंना धरून ठेवते, त्यामुळे ते पिकात कमी उतरतात. माती आम्ल असेल तर चुना किंवा स्वच्छ लाकडाची राख द्या. आम्लता घटली की कॅडमियमचे शोषण कमी होते. रॉक फॉस्फेट मिसळून कुजवलेल्या खतातील स्फुरदामुळे काही शिसे न विरघळणाऱ्या रूपात अडकते. तरी माती परीक्षणात धातू जास्त आढळले, तर पालक आणि माठ घेऊ नका, फुलझाडे लावा. आणि नाल्याचे पाणी आधी बंद करा, नाहीतर वरून कितीही खत घाला.

गॅब्रिएल १९३० मध्ये वारल्या आणि पुढच्याच वर्षी हॉवर्ड मायदेशी परतले. १९३४ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. उतारवयात ते रासायनिक खतांचे कडवे विरोधक झाले. तेवढे टोक गाठायची गरज आम्हाला वाटत नाही. माती परीक्षणात कमतरता दिसली तर खनिज खत सेंद्रिय खताच्या जोडीने द्यावे. १९४७ मध्ये त्यांचे निधन झाले.

पावसाळ्यात इंदूरलाही खड्डे तुंबत. तेव्हा हॉवर्ड जमिनीवर ८ फूट लांब-रुंद आणि २ फूट उंच ढीग रचत. मुंबईच्या पावसात तुम्हीही तसाच ढीग उंचवट्यावर रचा आणि वर आच्छादन घाला.