शेगडीविना कोठडी

मनोरुग्णालयात भेटीला गेले की मला हटकून अमेरिकेतल्या डोरोथिया डिक्स आठवतात. जन्म १८०२ चा, पेशा शिक्षिकेचा. १८४१ मध्ये ईस्ट केंब्रिजच्या तुरुंगात बायकांना धर्मपाठ द्यायला गेल्या, तर मनोरुग्ण बायका गुन्हेगारांसोबत, शेगडीविना गारठ्यात! का, तर म्हणे वेड्यांना थंडी वाजत नाही. बाई पेटल्याच. पुढे मॅसॅच्युसेट्समधले तुरुंग, गरीबखाने पालथे घातले, दिसेल ते टिपलं. १८४३ मध्ये विधिमंडळापुढे निवेदन गेलं, तेही एका पुरुष सदस्याच्या हातून. बायकांना मताचा हक्कच कुठे होता? पण वूस्टरचं रुग्णालय वाढलं. १८५४ मध्ये मनोरुग्णांसाठी सरकारी जमीन देणारं विधेयक राष्ट्राध्यक्ष पिअर्स यांनी अडवलं, तेव्हा मात्र त्या खचल्या. शेवटी त्यांच्याच खटपटीने उभ्या राहिलेल्या ट्रेंटनच्या रुग्णालयात राहिल्या. १८८७ मध्ये तिथेच गेल्या.