भोपाळच्या सिकंदर बेगम : आधी कर्जफेड, मग मक्का

रमजान आला की कर्जत, नेरळ, खोपोली, खालापूर या भागातही उमराहला निघालेल्या माणसांची चर्चा सुरू होते. निघण्यापूर्वी ही मंडळी घरोघर जाऊन सलाम करतात, देणेघेणे मिटवतात आणि कळत-नकळत झालेल्या चुकांची माफी मागतात. शेजारीपाजारी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, त्यांना निरोप द्यायला येतात. हजला ठरलेले दिवस असतात, उमराह मात्र वर्षात केव्हाही करता येतो. रमजानमधल्या उमराहचे पुण्य हजच्या बरोबरीचे मानले जाते. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे आहेत. त्यांच्याकडे ऐपत असणाऱ्याने आयुष्यात एकदा उमराह करणे आवश्यक समजतात. देशावरच्या हनफी मुसलमानांत तो सुन्नत आहे. ऐपत नसलेल्याने कर्ज काढून जावे, असे मात्र दोन्हीकडे कोणी सांगत नाही.

ऐपत म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायचे तर भोपाळच्या नवाब सिकंदर बेगम यांचे चरित्र पाहावे. मक्केची यात्रा करणाऱ्या त्या हिंदुस्थानातल्या पहिल्या संस्थानिक मानल्या जातात.

सिकंदर बेगमांचा जन्म १८१७ सालचा. त्या दोन वर्षांच्या असताना वडील, नवाब नजर मुहम्मद खान, वारले. आई कुदसिया बेगम तेव्हा अवघ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या होत्या. लहान मुलीच्या नावाने त्यांनी संस्थानचा कारभार हाती घेतला. १८३५ मध्ये सिकंदर बेगमांचे लग्न जहांगीर मुहम्मद खान यांच्याशी झाले. हे लग्न सुखाचे ठरले नाही. बेगम गरोदर असताना नवऱ्याने त्यांच्यावर तलवारीने वार केला. त्या वाचल्या, आईबरोबर इस्लामनगरच्या किल्ल्यात राहायला गेल्या आणि १८३८ मध्ये तिथे त्यांना मुलगी झाली, शाहजहान.

जहांगीर मुहम्मद खान १८४४ मध्ये वारले. पुढे १८४७ पासून मुलीच्या वतीने सिकंदर बेगम राज्य पाहू लागल्या. त्यांच्या हाती आलेले संस्थान कर्जात बुडालेले होते. महसूल गोळा करण्याचे मक्ते दिलेले होते आणि मक्तेदार रयतेला पिळून काढत. बेगमांनी मक्ते बंद केले, जमिनीची मोजणी करवली आणि स्वतः घोड्यावर बसून परगण्यापरगण्यांत फिरल्या. त्या पडदा पाळत नसत. शिकार करत, दरबारात बसून तक्रारी ऐकत. दरबाराची भाषा फारसी होती, ती त्यांनी उर्दू केली. मुलींसाठी शाळा काढली. वर्षानुवर्षांच्या काटकसरीने संस्थानचे कर्ज फेडले.

१८५७ च्या उठावात त्या इंग्रजांच्या बाजूने राहिल्या. त्यावर तेव्हाही टीका झाली, आजही होते. त्यानंतर १८६० मध्ये इंग्रजांनी त्यांना स्वतःच्या हक्काने भोपाळच्या शासक म्हणून मान्यता दिली. उठावानंतर इंग्रजांनी ताब्यात घेतलेली दिल्लीची जामा मशीद १८६२ मध्ये नमाजसाठी पुन्हा खुली झाली. त्याचे श्रेय भोपाळच्या इतिहासात त्यांच्या रदबदलीला दिले जाते.

एवढे सगळे मार्गी लागल्यावर त्यांनी मक्केचा विचार केला. यात्रेची शरीयतने सांगितलेली तयारी हीच आहे. डोक्यावर कर्ज नसावे, मागे राहणाऱ्यांच्या पोटापाण्याची सोय झालेली असावी, कमाई हलाल असावी आणि कुणाचा हक्क आपल्याकडे अडकलेला नसावा. सामान्य माणसाच्या बाबतीत मागे राहणारे म्हणजे बायको-मुले. बेगमांच्या मागे सारे संस्थान होते.

त्या काळी मक्केला जायचे तर मुंबई बंदर गाठावे लागे. दख्खनच्या यात्रेकरूंसाठी ती वाट कर्जत-खालापूरवरूनच होती. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली. पुढे काही वर्षे खोपोली ते खंडाळा हा घाट लोक पालखीतून, बैलगाडीतून किंवा पायी पार करत. १८६३ च्या मे महिन्यात बोरघाटातून आगगाडी सुरू झाली आणि पुण्याकडचा यात्रेकरू कर्जतवरून थेट मुंबईत उतरू लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सिकंदर बेगमांनी भोपाळ सोडले. त्या उत्तरेकडून आल्या, पण समुद्राची वाट दोघांची एकच होती. बेगमांबरोबर वृद्धत्वाकडे झुकलेल्या आई कुदसिया बेगम होत्या, नातेवाईक होते आणि शेकडो माणसांचा लवाजमा होता. २३ जानेवारी १८६४ रोजी त्या जेद्दाला पोहोचल्या.

हिंदुस्थानातून समुद्रमार्गे जाणाऱ्यांची मीकात, म्हणजे एहराम बांधण्याची सीमा, यलमलम ही आहे. जहाज त्या टापूसमोर आले की पुरुष न शिवलेल्या दोन पांढऱ्या चादरी परिधान करतात. स्त्रियांना वेगळा पोशाख नाही. नेहमीचे साधे, अंग झाकणारे कपडे चालतात. त्यानंतर सुगंध लावायचा नाही, नख-केस कापायचे नाहीत, शिकार करायची नाही, भांडायचे नाही. राणी असो की तिची दासी, नियम तेच.

जेद्दात त्यांना पहिला धक्का बसला तो जकातीच्या नाक्यावर. पेट्या उघडून सामान उचकटले गेले आणि काही सामान गहाळ झाले. तिथून उंटांच्या काफिल्याने त्या मक्केकडे निघाल्या आणि रात्री, इशाच्या अजानच्या वेळी, शहरात शिरल्या. तो शाबान महिना होता. हजचे महिने अजून लागायचे होते, म्हणून पहिला विधी उमराहचा. काबागृहाभोवती सात फेरे, म्हणजे तवाफ. मग मकाम-ए-इब्राहिमजवळ दोन रकात नमाज आणि जमजमचे पाणी. त्यानंतर सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात खेपा, म्हणजे सई. तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधत हाजरा याच टेकड्यांमध्ये धावल्या होत्या, त्याची ही आठवण. एका आईची ती वणवण आजही प्रत्येक यात्रेकरू, पुरुष असो वा स्त्री, आपल्या पायांनी पुन्हा चालतो. त्या काळी सईची वाट भर बाजारातून जात असे, दोन्ही बाजूंना दुकाने असत. शेवटी केसांची एक बट कापली की उमराह पूर्ण होतो.

काही दिवसांतच रमजान सुरू झाला. तो महिना बेगमांनी मक्केत काढला आणि मे महिन्यातल्या हजपर्यंत त्या तिथेच राहिल्या. हे दिवस सोपे नव्हते. मुक्काम कुठे करायचा यावरून मक्केच्या शरीफांच्या माणसांशी मतभेद झाले. कुदसिया बेगमांचा हात फार सैल होता. त्यांच्या दानाची बातमी पसरली आणि मागणाऱ्यांची एवढी गर्दी होऊ लागली की चालणे मुश्कील झाले. मदीनेची वाट लुटारूंमुळे धोक्याची होती. बेगमांनी जाणकारांचा सल्ला घेतला, खर्चाचा आणि सोबतच्या माणसांच्या जिवाचा विचार केला आणि मदीनेला जाण्याचा बेत सोडून दिला. इतक्या जवळ जाऊन पैगंबरांच्या शहराचे दर्शन न घेता परतणे त्यांना किती जड गेले असेल, याची कल्पना कुणाही भाविकाला येईल. पण माणसांची जबाबदारी घेऊन निघालेल्याला हा निर्णयही घ्यावा लागतो.

परत आल्यावर त्यांनी या प्रवासाचा वृत्तांत उर्दूत लिहिला. पुढे १८७० मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. त्यात श्रद्धेने केलेल्या विधींची नोंद आहे आणि शहरातली अस्वच्छता, जकातीचा जाच, कारभारातला ढिसाळपणा यांचीही आहे. पवित्र जागेबद्दल लिहिताना तिथल्या कारभाऱ्यांचे दोष झाकावेत, असे त्यांना वाटले नाही. राज्यकर्तीची नजर त्या घरी ठेवून गेल्या नव्हत्या.

३० ऑक्टोबर १८६८ रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. शाहजहान बेगम गादीवर आल्या. नात सुलतान जहान बेगम यांनीही पुढे हज केला आणि त्या अलिगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या. भोपाळच्या राज्यकर्त्यांनी मक्का-मदीनेत यात्रेकरूंसाठी केलेल्या रुबात, म्हणजे धर्मशाळा, जुन्या भोपाळ संस्थानातल्या हाजींच्या उपयोगी पडत आल्या.

मुंबई-जेद्दा जहाजे १९९५ मध्ये बंद झाली. आता कर्जत-खोपोलीचा यात्रेकरू मुंबईहून विमानात बसतो आणि काही तासांत जेद्दाला उतरतो. पण निघण्याआधी वाण्याची उधारी चुकवणे, भावाबहिणीचा वाटा देऊन टाकणे आणि रुसलेल्या शेजाऱ्याच्या दारी जाणे, ही तयारी आजही ज्याची त्यालाच करावी लागते. सिकंदर बेगमांना त्यासाठी सोळा वर्षे लागली होती.