संत टॉमस मोर

संत टॉमस मोर ह्यांचा जन्म इ. स. १४७८ सालीं लंडन शहरीं झाला. गाढें कायदेज्ञान व निःस्पृह वृत्ति ह्यांमुळें १५२९ सालीं ते इंग्लंडचे चॅन्सेलर झाले. पुढें आठव्या हेन्री राजानें धर्मपत्नी कॅथरीन हिचा त्याग करून ॲन बोलीन हिच्याशीं विवाह केला. आणि १५३४ सालीं तो विवाह मान्य करण्याची व पोप महाराजांचा अधिकार झुगारण्याची शपथ प्रजेवर लादिली. मोर ह्यांनीं ती नाकारितांच त्यांस टॉवरच्या बंदिवासांत टाकिलें.

तेथें लाडकी कन्या मार्गारेट हिनें शपथेविषयीं त्यांची परोपरीनें मनधरणी केली. जीव वांचावा, कुटुंबाची वाताहत टळावी, हे हेतु खचित वाईट नव्हते. परंतु देवास साक्षी ठेवून असत्य वदणें हें कृत्यच मूळांत पाप; सद्धेतूनें तें निर्मळ होत नाहीं. म्हणून त्यांनीं प्राणरक्षणार्थ मौन धरिलें, कायद्यानें मोकळी ठेविलेली प्रत्येक वाट चोखाळली; खोटी शपथ मात्र वाहिली नाहीं. ता. ६ जुलै १५३५ रोजीं त्यांचा शिरच्छेद झाला. १९३५ सालीं अकरावे पायस ह्यांनीं त्यांस संतपद दिलें.

प्रिय धर्मबांधवहो, मुलाबाळांच्या कल्याणाकरितां एक खोटी साक्ष चालेल असें मनांत येईल, तेव्हां ह्या संताचें स्मरण करावें.