जोसेफ ब्रामा आणि चामड्याचे कडे

आमच्या टिपरने एका मोसमात तीन ऑइल सील खाल्ले, तेव्हा मला शाळेतल्या ब्रामा प्रेसची आठवण झाली.

गोष्ट पंचवीसेक वर्षांपूर्वीची. नाशिकच्या चहूबाजूंनी बांधकामे चालली होती आणि आमची गाडी दिवसभर खाणीवरून खडी आणून ओतत होती. टिपरचा हौदा उचलला जातो तो गिअरबॉक्सला जोडलेल्या एका लहानशा पंपाच्या जोरावर. पंप तेल दाबतो, ते तेल सिलिंडरमधला दांडा वर ढकलते आणि कित्येक टन खडी अलगद उचलली जाते. या पंपाच्या शाफ्टभोवती रबराचे एक छोटे कडे असते, त्याला म्हणतात सील. तेच गळू लागले. बदलले, तरी आठ-दहा दिवसांत गाडीखाली पुन्हा तेलाचे थारोळे! दुसरे बसवले, तिसरे बसवले. मी सील विकणाऱ्याच्या नावाने खडे फोडत होतो.

आमचा मिस्त्री मात्र गप्प होता. त्याने गाडी धुतली, पंप कोरडा पुसला, त्यावर खडूची पूड भुरभुरली आणि इंजिन सुरू करून कुठला भाग आधी ओला होतो ते पाहत बसला. मग पंप उतरवून त्याने शाफ्टवरून नख फिरवले. नख अडकले. सीलचा ओठ जिथे टेकतो तिथे धुळीने चर पाडला होता, शिवाय बुश झिजून शाफ्ट डगडगत होता. बिचारे सील निर्दोष होते! शाफ्ट आणि बुश बदलल्यावर चौथे सील टिकले.

त्या रात्री मी मुलाचे विज्ञानाचे पुस्तक उघडले. दोन सिलिंडर, एक बारीक, एक जाड, मध्ये पाणी. आकृती आपण सर्वांनी काढली आहे, पण ब्रामा हा कोण माणूस, हे आपल्याला कुणी सांगितले नाही. पुढे त्याचे चरित्र मिळेल तेथून वाचले आणि कळले, की आमच्या टिपरच्या रोगाने हा थोर माणूसही बेजार झाला होता.

जोसेफ ब्रामा १७४८ साली इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात एका शेतकऱ्याच्या घरी जन्मला. नांगर धरायचा, हेच त्याचे भवितव्य. पण सोळाव्या वर्षाच्या सुमारास पायाला दुखापत झाली, नांगरामागे चालणे संपले. लहानपणी लाकडातून वाद्ये कोरणाऱ्या या मुलाला घरच्यांनी सुताराच्या हाताखाली ठेवले. काम शिकून तो लंडनला गेला. तेथे श्रीमंतांच्या घरी शौचकूप बसवण्याचे काम मिळाले. त्यांची झडप थंडीत गोठून बसे. ब्रामाने ती सुधारली आणि १७७८ मध्ये पहिले पेटंट घेतले. १८१२ पर्यंत त्याने अशी अठरा पेटंटे मिळवली.

त्याला कीर्ती दिली ती कुलपाने. १७८४ च्या या कुलपाची घडण इतकी बारीक होती, की पिकॅडिली रस्त्यावरच्या दुकानाच्या खिडकीत त्याने एक कुलूप मांडून जाहीर आव्हान दिले : चावीशिवाय उघडेल त्याला दोनशे गिनी. साठ वर्षांहून अधिक काळ ते कुणाला उघडले नाही. १८५१ च्या लंडन प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने ते उघडले, तेही सोळा दिवसांत मिळून एकावन्न तास खपून.

अशी कुलपे हाताने एकेक करून किती बनणार? यंत्रे हवीत आणि यंत्रे बनवणारा माणूस हवा. १७८९ मध्ये त्याच्याकडे हेन्री मॉडस्ली नावाचा अठरा वर्षांचा पोरगा आला. तो शस्त्रागाराच्या कारखान्यात शिकलेला. वय पाहून जुने कामगार नाराज झाले, पण हातातली कला अशी की थोड्याच वर्षांत तो मुख्य मिस्त्री झाला.

१७९५ मध्ये ब्रामाने आपल्या जलदाबयंत्राचे पेटंट घेतले. मूळ तत्त्व फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल याचे, शंभरावर वर्षे जुने. कोंडलेल्या पाण्यावर एका जागी दाब दिला, की तो सगळीकडे सारखाच पोचतो. म्हणून बारीक दट्ट्यावर एक माणूस लोंबकळला, तर शंभरपट क्षेत्रफळाच्या जाड दट्ट्यावर शंभर माणसांचे वजन उचलले जाईल. हे सगळे कागदावर. कागदाला गळती नसते!

प्रत्यक्षात दट्ट्या आणि सिलिंडर यांमधल्या फटीतून पाणी उसळू लागले. ब्रामाने फटीत भरण ठासले आणि वरून आवळले. सैल आवळले तर पाणी गळे. घट्ट आवळले तर गळती थांबे, पण दाब काढला तरी दट्ट्या खाली येईना, तिथेच अडकून बसे. साऱ्या जगाचे ओझे उचलू पाहणारी कल्पना केसाएवढ्या फटीपाशी अडली.

ही अडचण मॉडस्लीने सोडवली, असे त्याच्या हाताखाली पुढे काम केलेल्या जेम्स नॅस्मिथने आपल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे. उपाय साधा होता. चामड्याचे एक कडे, उलट्या वाटीसारखे वळवलेले, तोंड पाण्याकडे. दाबाचे पाणी त्याच्या पोकळीत शिरते आणि त्याचे ओठ दोन्ही अंगांना चिकटवते. दाब जितका जास्त, तितकी पकड घट्ट. दाब उतरला, की ओठ सैल पडतात आणि दट्ट्या मोकळा होऊन खाली येतो. जे पाणी निसटू पाहत होते, त्यालाच पहाऱ्यावर बसवले! आजही सील बसवताना त्याचा ओठ तेलाकडे ठेवायचा, हे शिकाऊ पोराला पहिल्या दिवशी सांगतात. कडे आता रबराचे झाले, युक्ती तीच आहे.

त्यानंतर काय झाले? मॉडस्लीचे लग्न झाले होते, संसार वाढत होता. आठवड्याला तीस शिलिंग मिळत. १७९७ मध्ये त्याने पगारवाढ मागितली आणि ब्रामाने ती नाकारली. मॉडस्ली बाहेर पडला, त्याने स्वतःचा कारखाना काढला आणि पुढच्या पिढीतले नामांकित यंत्रकार तेथे घडले. नॅस्मिथ त्यांपैकीच एक.

ब्रामाही थांबला नाही. बिअर वर खेचणारा पंप त्याने केला. १८०६ मध्ये नोटांवर क्रमांक छापणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. बँक ऑफ इंग्लंडचे कारकून तोवर ते हाताने लिहीत. नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात, त्या गावच्या माणसाला हे वाचून मौज वाटते. कोऱ्या नोटेवरचा क्रमांक पाहताना मला हा लंगडा सुतार आठवतो.

१८१४ मध्ये तो आपल्या दाबयंत्राने जंगलातली झाडे मुळासकट उपटवून घेत होता. थंडीत उभे राहून देखरेख करताना त्याला सर्दी झाली, ती छातीत उतरली आणि ९ डिसेंबरला तो गेला. यंत्र मात्र जगभर पोचले. १८४९ मध्ये वेल्समधल्या ब्रिटानिया पुलाच्या दीड हजार टनांहून जड लोखंडी नळ्या त्याच्याच बळावर उचलल्या गेल्या. आपल्या खानदेशात कापसाच्या गाठी आवळल्या गेल्या, त्याही याच तत्त्वावर.

पुस्तकात नाव ब्रामाचे राहिले. ते योग्यच आहे, कल्पना आणि जोखीम त्याची होती. पण मला त्याचा हेवा वाटण्याऐवजी त्याच्यात माझेच तोंड दिसले. शाफ्टवर नख फिरवणाऱ्या आमच्या मिस्त्रीने त्याच वर्षी दिवाळीपूर्वी पगार वाढवून मागितला होता. गाडीचा हप्ता, टायर, डिझेल अशी कारणे सांगून मी त्याला परत पाठवले. महिनाभरात तो गेला. नंतरच्या दोन वर्षांत दुसऱ्यांकडून केलेल्या दुरुस्त्यांचा हिशेब मी एका रविवारी मांडला, तेव्हा त्याला नाकारलेली रक्कम किती क्षुल्लक होती ते आकड्यांत दिसले.

आता अंबडला त्याचे स्वतःचे छोटे वर्कशॉप आहे. आमची गाडी तिथेच जाते आणि तो सांगेल तेवढी मजुरी मी घासाघीस न करता देतो.